ऑब्जेक्शन आबा

ऑब्जेक्शन आबांना 'हो' म्हणता येत नसे. जीभ जड होती असं मुळीच नाही, जीभ कात्रीसारखी चालायची. पण समोरच्यानं काही म्हटलं की आधी त्याच्या उलट बोलायचं आणि मग विचार करायचा, असा त्यांचा क्रम होता. 'आज गारठा आहे हो आबा,' म्हटलं तर, 'गारठा कसला? तुम्ही स्वेटर घातलेला नाही.' दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून बसावं तर, 'बाई, एवढ्याशा थंडीत स्वेटर? अंगाला सवय लागेल.' बरं, भांडकुदळ म्हणावं तर चेहरा हसरा. समोरचा चिडला की यांचे डोळे चमकायचे, आणि समोरचा गप्प बसला की यांचा दिवस वाया जायचा.

नाशिकच्या इंदिरानगरात माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शब्द शिकवत असे. साधे नव्हे, अवघड. त्यातला एक भाग वादाच्या, बोलण्याच्या आणि पारख करण्याच्या शब्दांचा. मुद्दा खोडून काढणं, गुळमुळीत बोलणं, पूर्वग्रह, निःपक्षपातीपणा, असल्या सगळ्या शब्दांची इंग्रजी बिरादरी. मुलांना त्यात काडीचा रस नसे. चार पर्यायांतून एक निवडायचा आणि पुढं जायचं. तर एका सकाळी ही मुलं बसलेली असताना शेजारच्या बिल्डिंगमधले एक आजोबा चपला काढून सरळ आत आले आणि पुढच्या खुर्चीवर बसले.

"बाई, बाहेर पाटीवर 'सर्वांसाठी' असं लिहिलंय. मी सर्वांत येतो का नाही?"

"येता की. पण आजोबा, हा परीक्षेचा क्लास आहे. साधं बोलण्याचं इंग्रजी हवं असेल तर—"

"ऑब्जेक्शन!" त्यांनी हात वर केला. "गुड मॉर्निंग, थँक्यू मला येतं. मला भांडायचं इंग्रजी शिकवा."

मुलं खो खो हसली आणि त्याच दिवशी त्यांचं बारसं झालं. त्यांना स्वतःला ते नाव एवढं आवडलं की पुढं फोनवरसुद्धा 'मी ऑब्जेक्शन आबा बोलतोय' म्हणायचे.

आबांनी सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात केली. मशिनवर कमी आणि युनियनमध्ये जास्त, असं ते स्वतःच सांगायचे. पगारवाढीच्या बोलणीला कामगारांच्या बाजूनं हे बसायचे. "टेबलाच्या पलीकडं साहेब, अलीकडं आम्ही. दिवसभर एकमेकांची सालटी काढायची आणि संध्याकाळी एकाच टपरीवर उभं राहून भजी खायची. मनात काही ठेवायचं नाही." हा त्यांचा लाडका सिद्धान्त. ज्याच्याशी आपण भांडतो त्याला आपण माणूस मानतो. ज्याला नुसतं 'बरं बरं' म्हणतो, त्याला आपण मनातून कटवलेलं असतं.

घरीही हेच. काकूंना मी पाहिलं नाही, मी इथं राहायला येण्याआधीच त्या गेल्या. पण आबांच्या बोलण्यातून त्या इतक्या दिसायच्या की जिन्यात भेटतील असं वाटे. कुकरच्या शिट्टीवरून भांडण, पंख्याच्या वेगावरून भांडण, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून मेथी आणली तर ती जून आहे का कोवळी यावरून भांडण. आणि भांडण संपल्याची एकच खूण. दोघांपैकी कुणीतरी उठून चहा टाकायचा. चहा टाकला की विषय मिटला, मग कोण जिंकलं हे विचारायचं नाही. "आता काय," आबा एकदा म्हणाले, "आता घरात मी म्हणतो तेच खरं. दुसरं मतच नाही. लय बेकार वाटतं, बाई." आबा मूळचे घोटीकडचे, तिकडचं हे 'लय' एरवी दबलेलं असे. मनाला लागलं की बाहेर यायचं.

त्यांना मुलगी एकच, मंजिरी. ती कॅनडात. तिची मुलगी ईरा तेव्हा आठवीत असेल, तिथल्या शाळेच्या वादविवादाच्या संघात होती. मराठी तिला थोडंफार कळायचं, बोलताना मात्र सगळं इंग्रजी. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. 'हाऊ आर यू आजोबा?' 'फाइन फाइन.' 'डिड यू ईट?' 'येस येस.' एवढ्यावर दोघं दमायची. एका रविवारी आबांनी विचारलं, यंदा स्पर्धेत विषय काय? ईरा आईकडं वळून म्हणाली, 'ही वोन्ट गेट इट, मम्मा.' त्यांना नाही कळायचं. वाईट हेतूनं नव्हे, पोरच ती. पण एवढं इंग्रजी आबांना नेमकं कळलं. ज्या नातीला वादाची आवड म्हणजे आपलंच रक्त, तिच्याशी आपल्याला वाद घालता येत नाही, हे त्यांना झोंबलं. दुसऱ्याच दिवशी ते माझ्या हॉलमध्ये हजर झाले होते.

शिकायची त्यांची तऱ्हा न्यारी. लिहून घ्यायचे नाहीत. प्रत्येक शब्दाला एक माणूस चिकटवायचे. 'लॅकॉनिक' म्हणजे मोजकंच बोलणारा, असं मी सांगितलं की डोळे मिटून म्हणायचे, "आमच्या कारखान्यातले पर्सोनेल मॅनेजर. बघू, एवढंच बोलायचे. झाला पाठ." 'व्हर्बोज', पाल्हाळ लावणारा, म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याची मोटर बिघडली हे सांगायला ते धरण बांधल्यापासून सुरुवात करत. 'इक्विव्होकेट', धड 'हो' नाही आणि धड 'नाही'ही नाही असं बोलणं, हे त्यांनी आपल्या व्याह्यांना देऊन टाकलं. निःपक्षपाती माणसासाठीचा 'इम्पार्शल' मात्र बरेच दिवस कुणाला द्यावा ते सुचेना. शेवटी म्हणाले, "हा मोकळा राहू दे. मिळाला कुणी तर सांगतो." मुलांनाही ती खोड लागली. वर्गात नुसता धुमाकूळ. पण गंमत बघा, त्या वर्षी तो भाग मुलांना जितका पक्का झाला तितका कधीच झाला नव्हता.

"आणि मला कुठला शब्द दिलात?" मी एकदा विचारलं.

"रेटिसंट," ते लगेच म्हणाले. "बोलण्यासारखं पोटात पुष्कळ असून न बोलणारी."

मी फळा पुसायला वळले. खोटं कशाला बोलू, आई गेल्यापासून माझ्या घरात क्लास सोडला तर बोलणं असं नव्हतंच. मुलं गेली की घर खायला उठायचं. आबा आले आणि ते क्लासनंतर चहाला थांबू लागले. चहात आलं जास्त का कमी, पेपरातला अग्रलेख बरोबर का चूक, काळ्या द्राक्षांना चव असते का हिरव्या, कशावरूनही तोंड लागायचं. मी आधी गप्प ऐकून घ्यायची. मग एक दिवस मी 'नाही आबा, तुम्ही साफ चुकताय' असं म्हणाले आणि ते टेबलावर थाप मारून ओरडले, "वा! आता कसं!" नंतर जिन्यापर्यंत त्यांना सोडायला जाताना मी एकटीच हसत होते. मला कुणी खोडून काढावं, याची मी इतकी वाट बघत होते हे मला माहीत नव्हतं.

मग तो रविवार आला. आबांची तयारी झाली होती, आणि ऐकायला त्यांनी मला घरी बोलावलं होतं. विषय त्यांनी मंजिरीकडून आधीच काढून घेतला होता: शाळेनं गृहपाठ देऊ नये. ईरा 'देऊ नये' या बाजूची. आबांनी माझ्यापुढं दहा वेळा तालीम केली होती, आणि मी सांगूनही आपल्या पसंतीचे दोन शब्द काही सोडले नव्हते. जितका शब्द जड तितकं प्रेम जास्त, अशी त्यांची समजूत. आमच्याकडं नाही का, 'मूर्खा', 'गाढवा' म्हणत म्हणत पोरांच्या ताटात तूप वाढतात? काकूसुद्धा मंजिरीला 'मठ्ठ कार्टी' म्हणायच्या आणि लगेच केस विंचरायला पुढ्यात ओढायच्या. तेच यांनी इंग्रजीत नेलं. ईरानं आपला मुद्दा मांडला, आणि आबा मोठ्या थाटात म्हणाले, "युअर आर्ग्युमेंट इज प्रिपॉस्टरस, अँड यू आर ऑबट्यूस!" तुझं म्हणणं वेडगळ आहे आणि तू मठ्ठ आहेस.

म्हणताना ते तोंडभर हसत होते. मी समोर बसलेली, मला दिसत होतं. पण फोन त्यांनी असा धरला होता की पलीकडं ईराला दिसत होतं ते त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा. हसू गेलंच नाही, नुसते शब्द गेले. पोरगी रडवेली होऊन उठून गेली. मग मंजिरीचा चेहरा आला. "बाबा, काय गरज होती? आमच्या घरात असं कुणी कुणाशी बोलत नाही." फोन बंद झाला. आबा फोन तसाच धरून बसले. "बाई," म्हणाले, "पुढं चहा टाकायचा असतो, हे तिला कुठं ठाऊक आहे?"

त्यानंतरचे आबा बघवत नसत. क्लासला आले ते म्हणाले, "मला नरम शब्द द्या." दिले. 'परहॅप्स' म्हणजे कदाचित, 'आय सी युअर पॉइंट' म्हणजे तुझं म्हणणं कळतं मला. ते त्यांनी कुणाही माणसाला चिकटवले नाहीत, नुसते घोकले. रविवारी ईरा जे म्हणेल त्याला 'व्हेरी नाइस, व्हेरी गुड'. ती पण शहाण्यासारखी 'थँक्यू आजोबा' म्हणायची. पाच मिनिटांत कॉल संपायचा. पुढं पुढं क्लासातही त्यांचा हात वर जाईना. पोरं मुद्दाम चुकीचं बोलून बघायची. "आबा, ऑब्जेक्शन?" तर मान हलवून, "तुझं बरोबर असेल बाबा." एक दिवस मी म्हटलं, चहात साखर विसरले वाटतं. "छान झालाय," ते म्हणाले. मी खरोखरच विसरले होते. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल भीती वाटली.

मंजिरीलाही वाटली असावी, कारण हिवाळ्यात ती एकटीच आली. ईराची शाळा होती. वडिलांना कायमचं तिकडं न्यायचं, फ्लॅट भाड्यानं द्यायचा, असं ठरवून आली होती, आणि सामानाची वाटणी करायला तिनं मलाही बोलावलं. मुलगी बापासारखीच तरतरीत, पण आवाज मुद्दाम खाली ठेवलेला. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ताई, लहानपणी माझे कान किटायचे हो या दोघांच्या भांडणांनी. मी ठरवलं होतं, माझ्या घरात कुणी आवाज चढवायचा नाही." मी आपली भांडी कागदात गुंडाळत राहिले.

तिकडं सकाळ व्हायची तेव्हा इथं संध्याकाळ. ईराला आजोबांचं घर बघायचं होतं म्हणून मंजिरीनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी फोन धरून मागं मागं, आणि बापलेक पुढं. "बाबा, हा पलंग वॉचमनला देऊ?" "दे." "कपाट?" "बरं." "तुमची ही खुर्ची?" "बरं." एकेका वस्तूला 'बरं'. मंजिरीचा चेहरा उतरत चालला होता. खिडकीपाशी काकूंचं शिवणयंत्र होतं, त्यावर चादर घातलेली. तिनं चादर ओढली. "आणि हे मशीन भंगारात."

"बरं," आबा म्हणाले.

मंजिरी फिरली. "बरं? आईचं मशीन भंगारात देते म्हणतेय मी, आणि तुम्ही बरं म्हणताय? बाबा, नाही म्हणा ना! ओरडा माझ्यावर! आई गेली तेव्हासुद्धा हे घर इतकं ओकंबोकं नव्हतं!" आणि ती मोठमोठ्यानं रडायला लागली, लहान मुलीसारखी.

मग आबांना असा काही कंठ फुटला की सांगता सोय नाही. "भंगारात? कुणाच्या बापाची हिंमत आहे? लय शहाणी झालीस का? तुझे फ्रॉक शिवले त्याच्यावर!"

"शिवले, आणि सगळे काखेत उसवले!"

"तू उंडारायचीस म्हणून उसवले! मशीन चांगलं आहे!"

"मशीन धागा तोडायचं! आईच म्हणायची!"

"ती तेल घालायची नाही! मी शंभरदा सांगितलं!"

"तुम्ही सांगितलं म्हणूनच घालायची नाही!"

यावर दोघंही एकदम थांबली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. मग मंजिरी नाक ओढत उठली, "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. माझ्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज आला. ईरा सगळं बघत होती, मी तिला विसरलेच होते. दोघं एकमेकांवर चिडली आहेत का, असं ती इंग्रजीत विचारत होती. मी फोन आबांच्या हातात दिला, नीट, चेहरा दिसेल असा.

"नो नो," आबा म्हणाले. "वी आर व्हेरी हॅपी."

मग तिनं हळूच विचारलं, मग त्या दिवशी माझ्यावर चिडला होतात?

"नेव्हर," आबा म्हणाले. इतके शब्द शिकवले होते, त्यांना तेवढाच सापडला. "नेव्हर, बेटा. नेव्हर."

ईरानं डोळे पुसले, सावरून बसली आणि म्हणाली, मग गृहपाठाबद्दल तुम्ही चुकता आहात, आणि माझ्याकडे तीन मुद्दे आहेत. आबांनी खुर्ची ओढली. त्यांचा वर गेलेला हात मी किती दिवसांनी पाहत होते! चहा निवून गेला, मंजिरीनं पुन्हा केला, तोही निवला.

थोड्याच दिवसांनी ते कॅनडाला गेले. निघताना मुलं आली होती, सगळ्यांनी एका सुरात ऑब्जेक्शन घेतलं. आबा मला म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी उत्तम, पण चहा फार गोड करता." मी म्हटलं, अजिबात नाही. गाडी वळेपर्यंत आमचं तेच चाललं होतं. वर आले आणि दार लावल्यावर मला इतकं रडू आलं, की आईच्या वेळी आलं होतं त्याची आठवण झाली.

पहिले काही महिने त्यांचे फोन यायचे. बर्फ कसा निरुपयोगी आहे, तिकडचे शेजारी कसे वादच घालत नाहीत, नुसते सॉरी म्हणतात. ईराच्या संघातली पोरं आता घरी येऊन यांच्याशी उलट बाजूनं बोलण्याचा सराव करतात म्हणे. सांगताना त्यांचा आवाज तरुण माणसासारखा लागायचा. मग फोन कमी झाले. व्हायलाच हवे होते. ज्याचं घर बोलतं झालंय त्यानं नाशिकला कशाला फोन करायचा?

यंदा माझ्या क्लासला मोजकीच मुलं आली. आता सगळं मोबाइलवर मिळतं, शब्द, अर्थ, चाचण्या, सगळं. एका सकाळी एकही मूल आलं नाही. मी रिकाम्या खुर्च्यांपुढं बसून होते, शेवटी आबांना फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "आबा, मी क्लास बंद करायचं म्हणतेय."

पलीकडून दीर्घ श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. तेवढ्यात मागून ईराचा आवाज आला, काहीतरी ठासून सांगत होती. "बाई, एक मिनिट धरा हं," आबा म्हणाले, "ही पोरगी काहीच्या बाहीच बोलतेय." फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. मी धरला. दोघांची जुंपली होती. तिच्या इंग्रजीत मधूनच 'छे!' आणि 'नाय!' यायला लागलं होतं, अगदी त्यांच्या ढंगात. ते हरत होते, आणि मोठमोठ्यानं हसत होते. मी बराच वेळ ऐकलं. मला फार बरं वाटलं, आणि त्यांचा रागही आला. शेवटी मीच फोन ठेवला. क्लास बंद करू नका, असं मला कुणीतरी दरडावून सांगायला हवं होतं, आणि जे सांगणार होते ते आपल्या हक्काच्या भांडणात मला साफ विसरून गेले होते.